लाल रंगातून समतोल स्थिरांक: फेरिक-थायोसायनेटचा प्रयोग नीट कसा करावा

फेरिक नायट्रेटच्या फिकट द्रावणात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब पडले की क्षणात रक्तासारखा लाल रंग येतो. बी.एस्सी.च्या बहुतेक प्रयोगशाळांत हा प्रयोग होतो आणि शेवटी जर्नलमध्ये समतोल स्थिरांकाचा एक आकडा लिहिला जातो. मग कोणीतरी पुस्तक उघडतं. एकात १३८ दिसतं, दुसऱ्यात हजाराच्या आसपासचा आकडा दिसतो, आणि आपला आकडा दोन्हींशी जुळत नाही. विद्यार्थी खट्टू होतो आणि 'प्रायोगिक चूक' असं लिहून मोकळा होतो.

पुस्तकातले ते दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते का, हे या लेखात येईलच. पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. स्थिरांक काढण्याचं गणित हा या कामातला सोपा भाग आहे. रीडिंगमध्ये स्थिरांकाची माहिती उतरणार की नाही, हे फ्लास्कमध्ये काय किती घालायचं हे ठरवतानाच ठरून जातं. ती वेळ हुकली तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती माहिती आणून देऊ शकत नाही.

काय मोजतो आहोत

फेरिक आयन आणि थायोसायनेट आयन एकास एक प्रमाणात जोडले जाऊन लाल कॉम्प्लेक्स बनतं. गुल्डबर्ग आणि वोगे या नॉर्वेच्या जोडीने १८६४ मध्ये मांडलेल्या वस्तुमान-क्रियेच्या नियमानुसार, समतोल साधल्यावर

स्थिरांक = कॉम्प्लेक्सची संहती ÷ (मुक्त लोहाची संहती × मुक्त थायोसायनेटची संहती)

या तिघांपैकी ठळक रंग फक्त कॉम्प्लेक्सला आहे. ४५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शोषण सर्वाधिक असतं. म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर आपल्याला एकच गोष्ट सांगतो: ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला याचं माप) = एप्सिलॉन × कॉम्प्लेक्सची संहती (१ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये). बाकीच्या दोन संहती 'घातलं किती' मधून 'जोडलं गेलं किती' वजा करून मिळतात. इथे एप्सिलॉन, म्हणजे मोलर शोषण गुणांक, आधी माहीत नसतो. शुद्ध कॉम्प्लेक्स बाटलीत मिळत नाही, त्यामुळे तो वेगळा मोजताही येत नाही. या प्रयोगातल्या बहुतेक चुका याच एका अडचणीतून निघतात.

संहती कशा निवडायच्या

थायोसायनेटचा जेवढा हिस्सा कॉम्प्लेक्समध्ये गेला, त्याला 'जोड-अंश' म्हणू. जोड-अंशातली छोटी चूक स्थिरांकात किती मोठी होऊन येते, याचं एक सोपं सूत्र आहे (लोह भरपूर असताना):

स्थिरांकातली सापेक्ष चूक = जोड-अंशातली चूक ÷ [जोड-अंश × (१ − जोड-अंश)]

समजा पूर्ण जोडणीला ०.९४ ॲब्सॉर्बन्स येतं आणि रीडिंग ०.००३ ने चुकलं. जोड-अंशातली चूक ०.००३२ झाली. जोड-अंश ०.५ असेल तर स्थिरांक १.३ टक्क्याने चुकतो. तोच जोड-अंश ०.०५ किंवा ०.९५ असेल तर चूक ६.७ टक्के होते. उपकरण तेच, हात तोच, चूक पाचपट. कारण साधं आहे. जवळजवळ सगळं थायोसायनेट जोडलं गेलं, तर उरलेलं थायोसायनेट म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला लहानसा फरक, आणि चूक त्या फरकावर येऊन बसते.

म्हणून जोड-अंश साधारण ०.२ ते ०.८ या पट्ट्यात पसरलेला हवा. स्थिरांक शंभर-दीडशेच्या घरात असेल असा अंदाज धरला, तर निम्मं थायोसायनेट जोडायला लोहाची संहती स्थिरांकाच्या व्यस्ताएवढी, म्हणजे ७ मिलिमोलरच्या आसपास लागते. तिच्या एक चतुर्थांशापासून तिपटीपर्यंत गेलं की पट्टा बऱ्यापैकी व्यापला जातो. थायोसायनेट मात्र सगळ्या फ्लास्कमध्ये सारखं आणि लोहाच्या मानाने खूप कमी ठेवायचं, म्हणजे एकाच लोहाला दोन थायोसायनेट चिकटलेलं दुसरं कॉम्प्लेक्स नगण्य राहतं. उलट केलं, थायोसायनेट जास्त घेतलं, तर दोन-तीन कॉम्प्लेक्सची सरमिसळ होते आणि वर लिहिलेलं साधं सूत्र लागूच पडत नाही.

आयनिक स्ट्रेंग्थ

कॉलेजच्या प्रयोगपत्रिकांत याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. फेरिक आयनावर तीन धन प्रभार आहेत. आयनिक स्ट्रेंग्थ म्हणजे द्रावणातल्या प्रभारित आयनांच्या गर्दीचं माप. त्यात प्रभाराचा वर्ग येत असल्याने फेरिक नायट्रेटचा वाटा त्याच्या संहतीच्या सहापट पडतो. लोह १.६ वरून २० मिलिमोलरवर नेलं की आयनिक स्ट्रेंग्थ ०.०१ वरून ०.१२ वर जाते, आणि तिच्याबरोबर स्थिरांकही सरकतो. म्हणजे सहा फ्लास्कमध्ये आपण सहा वेगवेगळे स्थिरांक मोजत असतो आणि त्यांची सरासरी काढतो.

उपाय असा: जिथे लोह कमी, तिथे तेवढीच भर सोडियम नायट्रेटने घालायची. शिवाय आम्ल भरपूर हवं, नाहीतर फेरिक आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सो रूपात जातो आणि द्रावण पिवळट दिसतं. मी ०.३८ मोलर नायट्रिक आम्ल घेतो. त्यात हायड्रॉक्सो रूपात गेलेलं लोह अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतं. ०.३८ आणि ०.१२ मिळून आयनिक स्ट्रेंग्थ नेमकी ०.५० होते. हा आकडा मुद्दाम निवडला आहे. फ्रँक आणि ऑस्वाल्ट यांनी १९४७ मध्ये मोजलेला १३८ हा स्थिरांक याच आयनिक स्ट्रेंग्थचा आहे, त्यामुळे तुलना करता येते.

द्रावणं

द्रावण अ: फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ४.०४ ग्रॅम, ०.३८ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवून २५० मिली. म्हणजे ४०.० मिलिमोलर. फेरिक क्लोराइड वापरू नका, क्लोराइड स्वतःच लोहाला धरतं. नायट्रेटचे खडे हवेतला ओलावा ओढतात, म्हणून वजनावर भरवसा ठेवू नका. सल्फोसॅलिसिलिक आम्ल हा दर्शक आणि पीएच २ च्या आसपास ठेवून ईडीटीएने (धातूच्या आयनांना धरणारं संयुग) टायट्रेशन करा, आणि पुढे सगळीकडे तोच आकडा वापरा.

द्रावण ब: सोडियम नायट्रेट ५.१० ग्रॅम, त्याच ०.३८ मोलर आम्लात २५० मिली. म्हणजे ०.२४० मोलर.

द्रावण क: पोटॅशियम थायोसायनेट ०.४८६ ग्रॅम पाण्यात २५० मिली, मग त्याचं दहापट विरलन. म्हणजे २.०० मिलिमोलर. हे त्याच दिवशी बनवा. याचं प्रमाणीकरण फोल्हार्ड पद्धतीने सिल्व्हर नायट्रेटविरुद्ध होतं. त्या टायट्रेशनचा शेवटचा बिंदू म्हणजे हाच लाल रंग. फोल्हार्डने ही पद्धत १८७४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ज्या कॉम्प्लेक्सचा स्थिरांक आपण मोजणार आहोत तेच तिथे दर्शकाचं काम करतं. मला ही जुळणी फार आवडते.

द्रावण ड: ०.४७५ मोलर नायट्रिक आम्ल. 'क' पाण्यात असल्याने आम्ल जेवढं पातळ होतं, तेवढं हे भरून काढतं.

नायट्रिक आम्ल रंगहीनच घ्या. पिवळसर पडलेल्या आम्लातले नायट्रोजनचे ऑक्साइड थायोसायनेट खाऊन टाकतात. संहत आम्ल आणि थायोसायनेट कधीही थेट एकत्र करू नका, विषारी वायू निघतात.

फ्लास्क आणि रीडिंग

२५ मिलीचे सहा स्टँडर्ड फ्लास्क घ्या. 'अ' आणि 'ब' ब्युरेटने, दोन्ही मिळून प्रत्येकात १२.५० मिली. मग 'ड' सुमारे ९ मिली. सगळे फ्लास्क २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या बाथमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. त्यानंतर एकेका फ्लास्कमध्ये पिपेटने 'क' २.५० मिली टाका, 'ड' ने खुणेपर्यंत भरा, हलवा आणि रीडिंग घ्या. सहाही फ्लास्कमध्ये एकदम थायोसायनेट टाकून रांग लावू नका. समतोल तर क्षणात साधतो, पण फेरिक आयन थायोसायनेटचं हळूहळू ऑक्सिडीकरण करतो आणि रंग विटत जातो, उजेडात जास्तच. दर वेळी 'क' टाकल्यापासून दोन मिनिटांनी रीडिंग, असा एकच नेम ठेवा.

ब्लँक म्हणून नुसतं पाणी चालणार नाही. थायोसायनेट सोडून बाकी सगळं असलेलं द्रावण घ्या, कारण २० मिलिमोलर लोहाला स्वतःचा किंचित रंग असतो.

पुढचे आकडे गणित दाखवण्यासाठी मी तयार केलेले नमुन्याचे आहेत. तुमचे याच धर्तीवर येतील.

| फ्लास्क | अ (मिली) | ब (मिली) | एकूण लोह (मिलिमोलर) | ॲब्सॉर्बन्स |
|---|---|---|---|---|
| १ | १.०० | ११.५० | १.६ | ०.१६९ |
| २ | २.०० | १०.५० | ३.२ | ०.२८३ |
| ३ | ३.०० | ९.५० | ४.८ | ०.३७२ |
| ४ | ५.०० | ७.५० | ८.० | ०.४८९ |
| ५ | ८.०० | ४.५० | १२.८ | ०.६०० |
| ६ | १२.५० | ० | २०.० | ०.६८७ |

एकूण थायोसायनेट सगळीकडे ०.२०० मिलिमोलर.

'सगळं जोडलं गेलं' हे गृहीतक

बऱ्याच प्रयोगपत्रिका एप्सिलॉन असा काढायला सांगतात: लोह भरपूर घ्या, समजा ०.१ मोलर, म्हणजे सगळं थायोसायनेट जोडलं जाईल. त्या 'प्रमाण द्रावणा'चं ॲब्सॉर्बन्स भागिले थायोसायनेटची संहती म्हणजे एप्सिलॉन.

स्थिरांक १३८ असेल तर ०.१ मोलर लोहात जोड-अंश ०.९३ होतो, १ नाही. शिवाय त्या एका फ्लास्कची आयनिक स्ट्रेंग्थ बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट होते, तिथे स्थिरांकच वेगळा असतो. म्हणजे जी गोष्ट मोजायची आहे तीच अनंत आहे असं धरून आपण सुरुवात करतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. या गृहीतकाने एप्सिलॉन ४६८० (तो कसा काढायचा ते पुढच्या भागात आहे) ऐवजी ४३८० च्या आसपास येतो. तो वापरून वरच्या तक्त्यातून प्रत्येक फ्लास्कचा स्थिरांक वेगळा काढला, तर पहिल्या फ्लास्कमधून १५३, चौथ्यातून १६० आणि सहाव्यातून १८३ मिळतो. विद्यार्थी यांची सरासरी घेतात. इथेच मी त्यांना थांबवतो. आकडे इकडेतिकडे विखुरलेले नाहीत, ते एका दिशेने चढत आहेत. विखुरलेले आकडे हाताची चूक दाखवतात, चढत किंवा उतरत जाणारे आकडे गृहीतकाची. सरासरी घेतली की ही खूण पुसली जाते.

एप्सिलॉन आणि स्थिरांक एकत्र काढणे

एप्सिलॉन वेगळा मोजायची गरज नाही. सहा रीडिंग आहेत, अज्ञात फक्त दोन. समतोलाचं समीकरण आणि ॲब्सॉर्बन्सचं समीकरण एकत्र करून मांडणी बदलली की सरळ रेषा मिळते:

मुक्त लोह ÷ ॲब्सॉर्बन्स = १ ÷ (स्थिरांक × एप्सिलॉन × एकूण थायोसायनेट) + मुक्त लोह ÷ (एप्सिलॉन × एकूण थायोसायनेट)

आडव्या अक्षावर मुक्त लोह, उभ्या अक्षावर मुक्त लोह भागिले ॲब्सॉर्बन्स. रेषेचा चढ भागिले छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते ती किंमत) म्हणजे स्थिरांक. चढाचा व्यस्त भागिले एकूण थायोसायनेट म्हणजे एप्सिलॉन.

मुक्त लोह मात्र आधी माहीत नाही, म्हणून दोन फेऱ्या करायच्या.

पहिल्या फेरीत मुक्त लोह म्हणजेच एकूण लोह असं धरा. वरच्या आकड्यांवरून चढ १.०६३, छेद ७.८२ मिलिमोलर. स्थिरांक ०.१३५९ प्रति मिलिमोलर, म्हणजे १३६ प्रति मोलर. एप्सिलॉन ४७०५.

दुसऱ्या फेरीत या एप्सिलॉनने प्रत्येक फ्लास्कमधलं कॉम्प्लेक्स काढा आणि एकूण लोहातून वजा करा. पहिल्या फ्लास्कमध्ये ०.१६९ ÷ ४.७०५ = ०.०३६ मिलिमोलर कॉम्प्लेक्स, म्हणून मुक्त लोह १.५६४. पुढे अनुक्रमे ३.१४०, ४.७२१, ७.८९६, १२.६७२ आणि १९.८५४. यांना ॲब्सॉर्बन्सने भागलं की ९.२५, ११.०९, १२.६९, १६.१५, २१.१२, २८.९०. आता रेषेचा चढ १.०६९ आणि छेद ७.६५. स्थिरांक १४०, एप्सिलॉन ४६८०. तिसरी फेरी केली तरी आकडा हलत नाही.

आता पुन्हा एकेका फ्लास्कचा स्थिरांक काढून पाहा: १४१, १३८, १४०, १३९, १४१, १३९. चढ नाही, उतार नाही. मला या सहा आकड्यांचं समाधान अंतिम उत्तरापेक्षा जास्त वाटतं.

दोन्ही अक्षांवर व्यस्त घेऊन काढलेला आलेख अनेकांच्या परिचयाचा असेल. बेनेसी आणि हिल्डब्रँड यांनी १९४९ मध्ये आयोडीनच्या कॉम्प्लेक्ससाठी वापरलेली ती रीत. तिची अडचण ही की व्यस्त घेतल्यावर सर्वात फिक्या फ्लास्कचा बिंदू आलेखाच्या टोकाला एकटा जाऊन बसतो आणि सगळी रेषा तोच ओढतो. ज्या रीडिंगवर सर्वात कमी भरवसा, त्यालाच सर्वात जास्त मान. आलेख हाताने काढायचा असेल तर वर दिलेली मांडणी घ्या.

संगणक असेल तर सरळ रेषेचा आग्रहही सोडा. स्प्रेडशीटमध्ये दोन खाने ठेवा, एकात स्थिरांक १००, दुसऱ्यात एप्सिलॉन ४००० असे अंदाज. प्रत्येक फ्लास्कसाठी आधी बेरीज काढा: एकूण लोह + एकूण थायोसायनेट + स्थिरांकाचा व्यस्त, सगळं मोलरमध्ये. मग

कॉम्प्लेक्स = [बेरीज − वर्गमूळ (बेरीजेचा वर्ग − ४ × एकूण लोह × एकूण थायोसायनेट)] ÷ २

याला एप्सिलॉनने गुणा, मोजलेल्या ॲब्सॉर्बन्समधून वजा करा, फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. एक्सेल किंवा लिबरऑफिसमधल्या सॉल्व्हरला सांगा: ही बेरीज कमीत कमी कर, ते दोन खाने बदलून. इथे फेऱ्या लागत नाहीत, मुक्त लोहाचा अंदाजही लागत नाही. मग उरलेले फरक फ्लास्कच्या क्रमाने मांडून पाहा. ते कधी अधिक कधी उणे असे असले तर ठीक. कमानीसारखा आकार दिसला तर दुसरं कॉम्प्लेक्स, आम्लाची कमतरता किंवा विटलेला रंग यांपैकी काहीतरी आहे.

चूक किती

स्प्रेडशीटमधलं लाइनेस्ट हे फंक्शन चढ आणि छेद यांच्या प्रमाण चुका देतं. वरच्या उदाहरणात चढाची ०.४५ टक्के आणि छेदाची ०.६५ टक्के. यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं तर ०.८ टक्के येतं, पण ते कमी आहे. चढ वाढला की छेद कमी होतो, दोन्ही चुका एकमेकींशी बांधलेल्या आहेत, आणि भागाकारात त्या एकाच दिशेने भर घालतात. हे धरलं की स्थिरांकातली चूक १ टक्क्याच्या किंचित वर जाते, म्हणजे १४० मध्ये साधारण १.५ ची. यात लोहाच्या प्रमाणीकरणातली चूक अजून नाही. लोह १ टक्का चुकलं तर स्थिरांकही १ टक्का चुकतो, आणि सहाही फ्लास्क सारखेच चुकत असल्याने आलेखात ते दिसत नाही. म्हणून मी १४० ± ३ लिहीन.

१३८ आणि हजार

आता सुरुवातीचं कोडं. आपण संहती वापरली, पण मूळ ऊष्मागतिकीय स्थिरांक सक्रियतेवर, म्हणजे आयनांच्या परिणामकारक संहतीवर, आधारलेला असतो. आजूबाजूच्या आयनांची गर्दी जास्त प्रभाराच्या आयनांना अधिक स्थिर करते. इथे डावीकडे तीन आणि एक प्रभाराचे दोन आयन आहेत, उजवीकडे दोन प्रभाराचा एक. गर्दीचा फायदा डाव्या बाजूला जास्त होतो, म्हणून आयनिक स्ट्रेंग्थ वाढवली की स्थिरांक घटतो.

आयनिक स्ट्रेंग्थवरून सक्रियतेचा अंदाज देणाऱ्या डेव्हिस समीकरणाने हिशेब करू. आयनिक स्ट्रेंग्थ ०.५० ला वर्गमूळ ०.७०७. ते भागिले १.७०७ म्हणजे ०.४१४. त्यातून ०.३ × ०.५ वजा केले की ०.२६४. गुणिले ०.५०९ म्हणजे ०.१३४. प्रभारांच्या वर्गांचा फरक ९ + १ − ४ = ६. म्हणून स्थिरांकाच्या लॉगमध्ये ०.८१ ची भर. १४० चा लॉग २.१५, भर घालून २.९५, म्हणजे सुमारे ९००. पुस्तकातला हजाराच्या आसपासचा आकडा हा, शून्य आयनिक स्ट्रेंग्थचा. तीन प्रभाराच्या आयनासाठी ०.५० ही डेव्हिस समीकरणाची ताणलेली मर्यादा आहे, त्यामुळे या ९०० ला अंदाजच समजा. नेमका आकडा हवा असेल तर ०.१, ०.२, ०.३ अशा वेगवेगळ्या आयनिक स्ट्रेंग्थला सगळा संच पुन्हा करून शून्याकडे रेषा वाढवावी लागते. कमी आयनिक स्ट्रेंग्थला आम्लही कमी पडतं, तेव्हा हायड्रॉक्सो रूपाचा हिशेब समीकरणात घ्यावा लागतो.

तापमानाचंही तसंच. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे गरम केल्यावर रंग फिका होतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या प्रयोगशाळेत बाथशिवाय ४० अंशाला मोजलेला स्थिरांक २५ अंशाच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि तो चुकीचाही नसेल, तापमान लिहिलेलं असेल तर.

जर्नलमध्ये उत्तराची ओळ मग अशी लिहावी: 'फेरिक-थायोसायनेट एकास एक कॉम्प्लेक्सचा समतोल स्थिरांक १४० ± ३ प्रति मोलर, २५ अंश सेल्सिअस, आयनिक स्ट्रेंग्थ ०.५० मोलर (नायट्रेट माध्यम), नायट्रिक आम्ल ०.३८ मोलर, ४५० नॅनोमीटर, एप्सिलॉन ४६८० त्याच रीडिंगमधून काढलेला.'